अर्ध्या किलोचा जॅम

आमच्या घरीं साखरआंबा करावयाचा म्हणजे आठ-दहा किलो कैरी, लोणचें घालावयाचें म्हणजे कमरेएवढी बरणी आणि मोरावळा करावयाचा म्हणजे आवळ्यांची भरलेली पाटीच अंगणांत उतरली पाहिजे, अशी पूर्वापार चाल आहे. तीन पिढ्या एका छपराखालीं नांदत असलेल्या घराला ती शोभतेहि. रोज चौदा पानें मांडलीं जातात. शनिवारीं परभणीस शिकणारीं मुलें येतात. सणावारीं लेकी-जांवई येतात. तेथें पावकिलोचा हिशेब कोण करणार? म्हणून मीं जेव्हां अर्धा किलो स्ट्रॉबेरीचा जॅम करावयास घेतला, तेव्हां सासूबाईंनीं पातेल्यांत डोकावून विचारलें, "हा नैवेद्याला केला आहेस, कीं घरच्या माणसांना?" प्रश्न थट्टेचा होता, पण सर्वस्वी थट्टेचा नव्हता. ज्या घरांत पदार्थ मोजून होतो तें घर आटत चाललें, अशी एक समजूत त्या प्रश्नामागें होती, आणि ती समजूत मला हंसण्यावारी नेतां आली नाहीं. तिचें उत्तर शोधतां शोधतां मला जें कळलें तें येथें लिहीत आहें. सारांश इतकाच कीं, हा जॅम थोडा करण्यांत चिक्कूपणा नाहीं. तो थोडाच केला तर होतो, पुष्कळ करावयास गेलें तर बिघडतो.

चारठाणा हें जिंतूर तालुक्यांतील गांव यादवकालीन देवळांकरितां, कोरीव दगडी स्तंभाकरितां आणि बारवांकरितां इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. भोंवतालचें रान कापूस, तूर, सोयाबीन आणि ज्वारीचें. स्ट्रॉबेरी आमच्या शेतांत पिकत नाहीं. ती येते सह्याद्रीच्या माथ्यावरून, महाबळेश्वर-पांचगणीकडून. पुणें आणि छत्रपति संभाजीनगर ओलांडून साडेचारशेंहून अधिक किलोमीटर हेलकावे खात. दोनशें-दोनशें ग्रॅमचीं पारदर्शक खोकीं असतात. वरची रांग नवरीसारखी नटलेली आणि खालची दबून रस गाळीत बसलेली, हा अनुभव बहुतेक गृहिणींना असेलच. शिवाय या फळाचा एक स्वभाव आपल्या संवयीच्या विरुद्ध आहे. आंबा, केळें, चिकू हीं फळें झाडावरून उतरल्यावरहि पिकतात. अढी घालून आपण त्यांची वाट पाहतों. स्ट्रॉबेरी तोडल्यावर मऊ होईल, नासेल, पण पिकून गोड होणार नाहीं. तेव्हां घरीं आणली कीं दोन दिवसांत तिचा निकाल लावणें प्राप्त असतें. चांगलीं फळें मुलांनीं खावीं, दबलेल्या फळांचा जॅम करावा. मात्र दबलेलें फळ निराळें आणि बुरसलेलें निराळें. ज्यावर करडी लव दिसली तें, आणि त्याला चिकटून असलेलें, अशीं दोन्ही टाकून द्यावीं.

"परक्या देशाच्या फळाचें एवढें कौतुक कशाला?" असाहि एक सूर आमच्याकडे निघाला. त्यावर मीं मोठ्या जाऊबाईंना त्यांच्याच एकादशीच्या ताटाकडे पाहावयास सांगितलें. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंद, शेंगदाणे, बटाटा, राजगिरा, हिरवी मिरची, हीं सर्व अमेरिका खंडांतून आलेलीं आहेत. वारीची भगर तेवढी आपली. मुरंब्याचें नांवदेखील अरबी ‘मुरब्बा’पासून आलेलें आहे. स्ट्रॉबेरीची कथाहि तशीच. फ्रेझिए नांवाचा एक फ्रेंच लष्करी अभियंता 1714 सालीं दक्षिण अमेरिकेंतील चिली देशाहून परततांना मोठ्या फळांच्या स्ट्रॉबेरीचीं कांहीं रोपें बरोबर घेऊन आला. उत्तर अमेरिकेंतील व्हर्जिनियाची लहान पण सुवासिक जात त्यापूर्वींच युरोपांतल्या बागांत होती. दोहींचा तेथें संकर झाला, आणि हें नवें फळ त्या संकराचें आहे हें 1766 मध्यें द्यूशेन या तरुणानें दाखवून दिलें. आज जगभर लावली जाणारी स्ट्रॉबेरी ती हीच. इंग्रजांबरोबर ती महाबळेश्वरास आली, तेथील लाल माती आणि थंडी तिला मानवली, आणि 2010 मध्यें ‘महाबळेश्वर स्ट्रॉबेरी’ला भौगोलिक निर्देशनाचा मान मिळाला. पांचगणीजवळचें भिलार हें गांव 2017 पासून ‘पुस्तकांचें गांव’ म्हणून प्रसिद्धीस आलें. पण तेथील घरांची चूल पुष्कळ वर्षें या फळावर चालत आली आहे. आणखी एक गंमत. ज्याला आपण फळ म्हणून खातों तें वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें फळच नव्हे. काजूचें बोंड जसें फुगलेला देंठ, तशी स्ट्रॉबेरी म्हणजे फुलाची फुगलेली बैठक. तिच्या अंगावर तिळासारखे जे दाणे दिसतात तींच खरीं फळें. हें ऐकून आमच्या धाकट्या पुतण्यानें एका स्ट्रॉबेरीवरचीं ‘फळें’ मोजावयास घेतलीं, आणि शंभराच्या पुढें कंटाळून ती खाऊन टाकली.

आतां माझ्या फजितीविषयीं. मागें एका वर्षीं थंडीच्या दिवसांत स्ट्रॉबेरी स्वस्त मिळाली म्हणून चार किलो आणली. घरच्या चालीप्रमाणें मोठें पातेलें काढलें, त्यांत फळ आणि साखर एकत्र घालून शेगडीवर चढविलें आणि साखरआंब्याप्रमाणें मंद आंचेवर ढवळीत बसलें. अर्ध्या तासांत घर सुगंधानें भरून गेलें. मला फार आनंद झाला. तो सुगंध घरभर पसरला म्हणजे पातेल्यांतून निघून गेला, हें तेव्हां ध्यानांत आलें नाहीं. तास झाला, सव्वा तास झाला. पातेल्यांत पन्ह्यासारखें पातळच. दोन तासांनीं तें घट्ट झालें खरें, पण रंग चिंचेच्या कोळासारखा आणि वास करपलेल्या पाकाचा. थंड झाल्यावर चमचा उभा राहीना, वांकेहि ना. चिक्की झाली होती. सासूबाईंनीं एक अक्षर न बोलतां त्याचे तुकडे करून मुलांना वाटले. त्यांच्या न बोलण्याचें मला अधिक लागलें.

चूक कोठें झाली? स्ट्रॉबेरींत शंभर भागांत नव्वदांहून अधिक भाग पाणी असतें. जॅम म्हणजे त्या पाण्यांतील नेमका भाग उडवून देणें. घरच्या शेगडीच्या मोठ्या चुलीची उष्णता ठरलेली आहे. ती चार किलो पाहून वाढत नाहीं. अर्धा किलो फळाच्या जॅमांतून जेवढें पाणी उडवावयाचें, तेवढ्यास मोठ्या आंचेवर बारा-पंधरा मिनिटें पुरतात. आठपट फळाला आठपट वेळ, म्हणजे दीड-दोन तास लागणारच. आणि या फळाचा तांबडा रंग व सुवास दोन्हीहि अति नाजूक. दीर्घकाळ उकळीनें रंग तपकिरी होतो आणि सुवास उडून जातो. कैरी व आवळा हीं घट्ट अंगाचीं फळें तास-दीड तास सोसतात. त्यांवरून घातलेला धडा या फळाला लावणें म्हणजे रेशमी वस्त्र धोब्याच्या दगडावर आपटण्यासारखें आहे.

दुसरें कारण अधिक आंतलें आहे. जॅम थिजतो तो साखरेमुळें नव्हे, ‘पेक्टिन’ या द्रव्यामुळें. ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें 1825 मध्यें त्याला हें नांव दिलें. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ थिजणारें, गोठणारें असा आहे. फळांच्या पेशींना एकमेकींशीं जोडून धरणारा हा नैसर्गिक चिकटा. साखर आणि आंबटपणा या दोहोंची योग्य सोबत मिळाली म्हणजे त्याचे धागे एकमेकांत गुंतून जाळें होतें आणि त्या जाळ्यांत रस अडकून राहतो. साखर कमी पडली तर जाळें विणलें जात नाहीं. आंबटपणा कमी पडला तरी नाहीं. आणि फार वेळ उकळलें तर पेक्टिनचे धागेच तुटतात. मीं दोन तास ढवळीत बसलें होतें तें त्याचे तुकडे करीत बसलें होतें. शेवटीं जें घट्ट झालें तो जॅम नव्हता, नुसता गोळीबंद पाक होता.

सर्व फळांत पेक्टिन सारखें नसतें. पेरू, कवठ, आवळा, लिंबाची साल यांत तें भरपूर. स्ट्रॉबेरी, अननस आणि पिकला आंबा यांत बेताचें. फळ जितकें पिकेल तितकें तें आणखी कमी होतें. म्हणूनच दुकानांतल्या जॅममध्यें तें पूड करून घालतात. ही पूड लिंबूवर्गीय फळांच्या सालींपासून किंवा सफरचंदाच्या चोथ्यापासून काढलेली असते, म्हणजे शाकाहारी आहे. तिची गल्लत जिलेटिनशीं करूं नये. जिलेटिन जनावरांच्या हाडां-कातड्यांपासून होतें. वडील मंडळींना ही शंका असते आणि ती रास्त आहे. बाटलीवरचा हिरवा ठिपका व घटकांची यादी पाहिली कीं तिचें निरसन होतें. घरच्या जॅमला मात्र विकतच्या पुडीची गरज नाहीं. स्ट्रॉबेरीच्या दिवसांतच आपल्याकडे पेरू असतो. आमच्या सासूबाई तरुणपणीं पेरूची जेली करीत असत. मागच्या वर्षीं माझी पंचाईत पाहून त्याच म्हणाल्या, "अग, पेरू उकडून त्याचें पाणी घाल कीं. तो सगळ्यांनाच धरून ठेवतो." मीं वाचलेल्या चार पुस्तकांचें सार त्या एका वाक्यांत आलें. पेरूऐवजीं कवठ घालून पाहण्याचा मोह मलाहि झाला. चारठाण्यास महादेवाचीं देवळें आहेत, आणि महाशिवरात्रीच्या सुमारास कवठें घराघरांत येतात. कवठानें जॅम उत्तम थिजतो, पण त्याचा वास स्ट्रॉबेरीला मान वर करूं देत नाहीं आणि रंगहि काळवंडतो. कवठाची स्वतंत्र जेलीच करावी. ती फार चांगली होते.

आतां कृति. देंठ काढल्यावर अर्धा किलो भरेल एवढी स्ट्रॉबेरी घ्यावी. दोनशें ग्रॅमचीं तीन खोकीं पुरतात. धुवावयाची ती देंठांसकट, आणि देंठ मागाहून काढावे. नाहींतर पाणी आंत शिरतें आणि तेंहि आटवीत बसावें लागतें. चार-पांच फळें किंचित् कच्चीं, गुलाबी खांद्यांचीं असलीं तर उत्तम. त्यांत पेक्टिन व आंबटपणा अधिक असतो. मोठीं फळें दुभागावीं, लहान तशींच ठेवावीं. त्यांवर 375 ग्रॅम साखर पसरून भांडें झांकावें व रात्रभर थंड जागीं ठेवावें. सकाळीं साखर बहुतेक विरघळलेली आणि फळें स्वतःच्याच रसांत बुडालेलीं दिसतात. साखर फळांतील पाणी बाहेर ओढते आणि त्याच्या जागीं हळूहळू आंत शिरते. अशीं मुरलेलीं फळें उकळींत फुटत नाहींत. मुरविण्याची ही रीत आपल्या बायकांना कोणी शिकवावी लागत नाहीं.

पेरूचें पाणी त्याच सकाळीं करावें. एक घट्ट, नुकता पिवळा होऊं लागलेला पेरू बियांसकट चिरून वाटीभर पाण्यांत वीस मिनिटें मंद उकळावा आणि मलमलच्या फडक्यांतून आपोआप ठिबकूं द्यावा. पिळूं नये, पिळलें तर पाणी गढूळ होतें. असें 100 ग्रॅम पाणी मिळालें म्हणजे पुरे. एका मोठ्या लिंबाचा रस, म्हणजे एक मोठा चमचा, जवळ काढून ठेवावा.

भांडें जाड बुडाचें आणि पसरट, स्टेनलेस स्टीलचें घ्यावें. कल्हई उडालेल्या पितळेंत आंबट पदार्थ कळकतो, हें आपण जाणतोंच. भांडें खोल मात्र पाहिजे. उकळी आली कीं जॅम दुप्पट-तिप्पट वर चढतो, आणि त्याचा थेंब हातावर उडाला तर चिकटून भाजतो. लहान मुलांना त्या पंधरा मिनिटांत शेगडीजवळ येऊं देऊं नये. आरंभ करण्यापूर्वी एक काम विसरूं नये: रिकाम्या भांड्याचें वजन करून तें कागदावर लिहून ठेवावें. त्याचें प्रयोजन पुढें कळेल.

फळें, रस, पेरूचें पाणी व लिंबाचा रस एकत्र करून प्रथम मंद आंचेवर ठेवावें व साखरेचा कण न कण विरघळूं द्यावा. मग आंच मोठी करावी. येथेंच साखरआंब्याची संवय मोडावयाची आहे. भीत-भीत शिजवूं नये. खळखळून उकळूं द्यावें आणि लांकडी उलथन्यानें बुडापासून अधूनमधून ढवळावें. फेस फार आला तर हरभऱ्याएवढें तूप टाकावें, तो बसतो. दहा मिनिटांनंतर लक्ष ठेवावें. आरंभीं बुडबुडे लहान व चपळ असतात. पुढें ते मोठे, जड होतात, आणि उकळीचा आवाजहि बदलतो.

झालें केव्हां म्हणावयाचें? पाकाच्या तारेवर आपला हात बसलेला आहे, पण येथें तार फसविते. कारण जॅम गरम असतांना पातळच दिसतो आणि थंड झाल्यावर थिजतो. शेगडीवरच तो मनासारखा घट्ट झाला तर ताटांत दगड होणार हें निश्चित. याची परीक्षा सुरकुतीची. एक बशी आधींच फ्रीजमध्यें ठेवावी. तिच्यावर चमचाभर जॅम घालून, आंच बंद करून, एक मिनिट थांबावें आणि बोटानें हलकेंच ढकलावें. वर साय आल्याप्रमाणें सुरकुती पडली तर झाला. ज्यांच्याजवळ पाकाचा उष्णतामापक असेल त्यांना पुस्तकांतून 104-105 अंश असा आंकडा सांपडतो. पण तो समुद्रकांठचा आंकडा आहे. उंचीप्रमाणें पाणी कमी अंशांवर उकळतें. आमच्याकडे तें शंभराच्या थोडें अलीकडे उकळतें. महाबळेश्वरास, साडेतेराशें मीटर उंचीवर, पंचाण्णव-शहाण्णव अंशांवरच. म्हणून नियम असा ठेवावा कीं, आपल्या गांवीं पाणी ज्या अंशावर उकळतें त्याच्या चार-साडेचार अंश वर जॅम तयार होतो.

मला स्वतःला वजनाची रीत सर्वांत निर्वेध वाटते. परभणीच्या कृषि विद्यापीठांत अन्नतंत्राचें महाविद्यालय आहे. अशा ठिकाणीं रसांतील साखरेचा अंश ‘रिफ्रॅक्टोमीटर’ नांवाच्या, लहानशा दुर्बिणीसारख्या उपकरणानें पाहतात. घरीं तेंच काम वजनकांटा करतो. टिकाऊ जॅममध्यें शंभर भागांत सुमारें 65 भाग विरघळलेलें घन, मुख्यतः साखर, असावें लागतें. आपण घातलेली साखर 375 ग्रॅम. फळाची व पेरूची स्वतःची साखर वगैरे मिळून आणखी चाळीस-पंचेचाळीस. एकूण 420 धरूं. हे जर शंभरांत 65 तर सबंध जॅम भरला पाहिजे सुमारें 645 ग्रॅम. आरंभीं सगळें मिळून 990 होतें. म्हणजे सुमारें साडेतीनशें ग्रॅम पाणी उडालें कीं थांबावयाचें. कांट्यावर लांकडी पाट ठेवून त्यावर गरम भांडें ठेवावें, लिहून ठेवलेलें रिकाम्या भांड्याचें वजन वजा करावें, कीं उत्तर समोर. नववींतल्या पुतणीला त्रैराशिकाचा इतका चविष्ट उपयोग आयुष्यांत प्रथमच दिसला.

शेगडीवरून उतरल्यावर फेस काढावा आणि दहा मिनिटें थांबून एकदां हलकेंच ढवळावें. लगेच भरलें तर फळें वर तरंगून बसतात आणि खालीं नुसता रस राहतो. कांचेच्या बाटल्या व झांकणें आधीं दहा मिनिटें पाण्यांत उकळून कोरडीं करून ठेवावीं. बाटली गरम असतांनाच गरम जॅम कांठापर्यंत भरून झांकण घट्ट लावावें. बाटलीवर तारीख लिहावी. न उघडलेली बाटली अंधाऱ्या, थंड जागीं कांहीं महिने राहते. पण मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत फडताळावर विश्वास ठेवूं नये, फ्रीजमध्येंच ठेवावी, आणि उघडल्यावर महिन्याभरांत संपवावी. कोरडा चमचा हवा, हें सांगणें नलगे. तें आपल्या घरांत लोणच्याच्या बरणीनेंच शिकविलें आहे. एक जुनी संवय मात्र सोडली पाहिजे. वर बुरशी आली तर तेवढा थर काढून खालचा मुरंबा वापरणें, हें पूर्वी सर्रास चाले. बुरशीचे धागे दिसतात त्याहून खोल गेलेले असतात आणि कांहीं बुरशींचें विष डोळ्यांना दिसत नाहीं, उकळूनहि जात नाहीं. साखरेचा, श्रमाचा कितीहि जीव तुटला तरी ती बाटली टाकून द्यावी. अर्ध्या किलोचा जॅम केला असेल तर टाकतांना जीव कमी तुटतो.

विकतच्या जॅमशीं याची तुलना करावयाची तर कायदा काय म्हणतो तें पाहावें. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2011 च्या नियमांप्रमाणें जॅममध्यें वजनानें शेंकडा 45 तरी फळ असावें लागतें. पण स्ट्रॉबेरी व रासबेरी यांना सवलत आहे, त्यांत शेंकडा 25 असलें तरी चालतें. म्हणजे ज्या बाटलीवर सर्वांत रसरशीत चित्र असतें तिच्यांतच फळ सर्वांत कमी असूं शकतें, आणि तें नियमाला धरून असतें. यांत कारखानदारांची फसवणूक आहे असें मी म्हणत नाहीं. नियम उघड आहे, छापलेला आहे, आपण वाचीत नाहीं एवढेंच. वर दिलेल्या प्रमाणांत 645 ग्रॅम जॅमला 500 ग्रॅम फळ लागतें. तथापि, घरीं केला म्हणून तो पौष्टिक झाला असेंहि मीं कोणास सांगणार नाहीं. जवळजवळ दोन-तृतीयांश साखर ती साखरच. मुलांच्या पोळीला एक चमचा पुरे, आणि ज्यांना मधुमेह आहे त्यांनीं वासावरच समाधान मानावें. साखर निम्मी करून ‘हलका’ जॅम करण्याची टूम निघाली आहे; तसा करावयास हरकत नाहीं, पण तो धड थिजत नाहीं, टिकतहि नाहीं; आठवड्याभरांत संपवावा.

मग चौदा पानांच्या घराचें काय? सासूबाईंच्या प्रश्नाला उत्तर हें मिळालें कीं, भांडें मोठें करूं नये, घाणे वाढवावे. अनारसे आपण एकदम कढईभर तळीत नाहीं. एकामागून एक घाणा काढतों. जॅमचें तसेंच. गेल्या माघांत आम्हीं एका सकाळीं तीन घाणे केले, तीनहि अर्ध्या-अर्ध्या किलोचे. तासाभरांत सर्व आटोपलें, आणि पावणेदोन किलोहून अधिक जॅम झाला. पहिला मीं केला. दुसरा पुतणीनें, कागद-पेन्सिल घेऊन, दर दोन मिनिटांनीं वजन करीत. तिचा 640 ग्रॅमवर उतरला. तिसऱ्याच्या वेळीं सासूबाई स्वतः उठून शेगडीपुढें आल्या. कांटा त्यांनीं बाजूला सारला, बशीहि घेतली नाहीं. डोळ्यांना आतां वाफेंत नीटसें दिसत नाहीं, त्या नुसत्या कान देऊन उभ्या राहिल्या, आणि एकदम म्हणाल्या, "बंद कर." आम्हांला तो पातळ वाटला. पुतणीनें खोडसाळपणें भांडें कांट्यावर ठेवलें. वजाबाकी करून ती आजीकडे पाहत राहिली. 650 ग्रॅम.

त्या बाटल्यांपैकीं दोन लेकींकडे गेल्या, एक शेजारीं गेली, बाकीच्या होळीपर्यंत पुरल्या. स्ट्रॉबेरी हातीं न आल्यास आमच्या भागांत लाल अंबाडीचीं बोंडें हा तिला उत्तम पर्याय आहे. आंबटपणा आणि पेक्टिन दोन्ही त्यांच्या मांसल पाकळ्यांतच असल्यामुळें पेरू नको, लिंबूहि नको. आंतील बी काढून पाकळ्या तेवढ्या पाण्यांत मऊ शिजवाव्या, मग साखर घालावी. पुढची कृति हीच. बोंडें मार्गशीर्षांत मिळतात, आणि तीं सोलावयास चार जणींचे हात लागतात.